पुडी आणायला कोण पाठवतं?



सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातावर दहाचं नाणं ठेवायचं आणि ‘कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये, उरलेल्या पैशांची तुला गोळी घे’ असं सांगून त्याला पिटाळायचं, हे दृश्य महाराष्ट्रात शोधत फिरावं लागत नाही. पोरगं धावत जातं. टपरीच्या फळीपर्यंत त्याची हनुवटी जेमतेम पोहोचते. डोळ्यांसमोर पुड्यांच्या माळा लोंबत असतात, त्यांच्याच खाली गोळ्या-चॉकलेटांच्या बरण्या मांडलेल्या असतात. टपरीवाला वय विचारत नाही. ‘कोणासाठी?’ असंही विचारत नाही, कारण ते त्याला ठाऊक असतं. तंबाखूची पुडी मिळते, चुना मिळतो, एक गोळी मिळते. पोरगं घरी येतं आणि ‘शहाणं माझं बाळ’ म्हणून त्याची पाठ थोपटली जाते. सगळा मामला दोन मिनिटांचा. पण या दोन मिनिटांत त्या मुलाला दुकान कळलं, मालाचं नाव कळलं, भाव कळला, दुकानदार आपल्याला अडवत नाही हे कळलं आणि हे काम केलं की घरची मोठी माणसं खूश होतात हेही कळलं. पाच-सहा वर्षांनी तोच मुलगा त्याच टपरीवर स्वतःसाठी जाऊन उभा राहतो, तेव्हा त्याला नव्यानं काही शिकावं लागत नाही. रस्ता आपणच दाखवलेला असतो.

किशोरवयीन मुलं व्यसनाकडे का वळतात, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. वाईट संगत, सिनेमा, मोबाईल, परीक्षेचा ताण, आईवडिलांना वेळ नसणं ही कारणं आपण पाठ केल्यासारखी सांगतो. त्यांत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण ‘का वळतात’ या प्रश्नाचा एक दोष आहे. तो विचारला की आपली नजर आपोआप मुलाच्या मनाकडे जाते आणि तिथेच अडकून राहते. मग उपायही त्याच्याच मनावर केले जातात: शपथा, घोषणा, चित्रकला स्पर्धा, 26 जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाची प्रभातफेरी. मला आज त्याच्याआधीचा साधा प्रश्न विचारायचा आहे. या मुलांना ही वस्तू मिळते कशी? कोणाच्या हातून, कुठल्या फळीवरून, किती पैशांत? माझं म्हणणं असं आहे की कोणतं मूल कशाच्या आहारी जाईल, हे त्याच्या इच्छेपेक्षा त्याचा हात कुठवर पोहोचतो यावर जास्त ठरतं. आणि हात कुठवर पोहोचावा, हे मूल ठरवत नाही. आपण मोठी माणसं ठरवतो.

हे नुसतं मत नाही, याला पुरावा आहे. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर 14 डिसेंबर 2016 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला मुलांमधल्या व्यसनांचं देशव्यापी सर्वेक्षण करायला सांगितलं. पुढे सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या ‘एम्स’कडून देशभरातल्या व्यसनांची पाहणी करून घेतली आणि तिचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. त्या अहवालात एक गोष्ट अशी आहे की तिच्यापाशी थांबावंच लागतं. दारू असो, गांजा असो, अफूची अमली द्रव्यं असोत, या सगळ्यांचं प्रमाण मुलांपेक्षा प्रौढांत जास्त आहे, आणि तसं ते असणार हे आपण धरूनच चालतो. अपवाद फक्त एका प्रकाराचा: हुंगायच्या पदार्थांचा. व्हाइटनर, थिनर, पंक्चर काढायचं सोल्यूशन, चिकटवायचे गोंद. 10 ते 17 वर्षांच्या मुलांमध्ये यांचं प्रमाण 1.17 टक्के, तर प्रौढांमध्ये 0.58 टक्के. म्हणजे मुलांत दुप्पट. मदतीची, उपचारांची गरज असलेली अशी मुलं देशात सुमारे 4 लाख 60 हजार आहेत आणि ती ज्या राज्यांत सर्वाधिक आहेत त्यांत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, दिल्ली, हरियाणा यांच्याबरोबर आपला महाराष्ट्र आहे.

आता विचार करा. रेल्वे फलाटावर राहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला थिनरच का आवडावं? त्याची चव चांगली असते म्हणून? सिनेमातला कोणी नायक व्हाइटनर हुंगतो म्हणून? अशी जाहिरात कधी झाली नाही, असं गाणं कोणी लिहिलं नाही, त्याला प्रतिष्ठा नाही. संगत आणि सिनेमा ही कारणं इथे फारशी उपयोगाची नाहीत. तरी हेच एक व्यसन असं आहे की ज्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत. कारण उघड आहे. स्टेशनरीच्या दुकानात, हार्डवेअरच्या दुकानात, सायकलवाल्याकडे ही वस्तू काही रुपयांना मिळते आणि ती मागणाऱ्या मुलाकडे कोणी वर मान करून बघत नाही. मोठ्या माणसाचा हात दारूपर्यंत पोहोचतो म्हणून तो दारू पितो. या मुलाचा हात सोल्यूशनच्या ट्यूबपर्यंतच पोहोचतो म्हणून तो ती घेतो. 2012 साली केंद्रानं बाटलीतल्या व्हाइटनरवर आणि त्याच्या थिनरवर बंधन आणलं, पेनच्या रूपात थोड्या प्रमाणात ते विकायची मुभा ठेवली. ती पावलं योग्य दिशेची होती. पण वस्तीतल्या लहान दुकानात ती कितपत उतरली, याचं उत्तर वर सांगितलेल्या आकड्यातच आहे.

फलाटावरची मुलं हा टोकाचा मामला झाला, आमची शाळेत जाणारी मुलं वेगळी, असं कोणाला वाटेल. म्हणून शाळेतल्या मुलांकडे येतो. 2019 साली भारतात किशोरवयीनांच्या तंबाखूसेवनाची चौथी जागतिक पाहणी झाली. ती शाळांमध्ये जाऊन, 13 ते 15 वर्षांच्या विद्यार्थ्यांना विचारून केलेली आहे. त्यांतले 8.5 टक्के विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. म्हणजे साधारण बारा मुलांमागे एक. ज्यांनी कधी ना कधी तंबाखू खाल्ली होती, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांची, 52 टक्क्यांची, सुरुवात दहावा वाढदिवस होण्याआधीच झाली होती. विडीच्या बाबतीत हे प्रमाण 47 टक्के आणि सिगारेटच्या बाबतीत 38 टक्के होतं. आणि ही मुलं माल आणतात कुठून? सिगारेट ओढणाऱ्यांतल्या 69 टक्क्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांतल्या 78 टक्क्यांनी सांगितलं की आम्ही सरळ दुकानातून, पानटपरीवरून, फेरीवाल्याकडून विकत घेतो. चोरून नाही, कोणा गुंडाकडून नाही. पैसे मोजून, दिवसाढवळ्या.

दहाव्या वर्षाआधीचा तो आकडा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. नऊ वर्षांच्या मुलाला परीक्षेचा ताण नसतो, बंडखोरीही सुचत नाही. त्याला घर असतं. आजी सकाळी चुलीपाशी बसून मशेरी लावते आणि शेजारी बसलेली नात तीच बोटानं दातांवर फिरवते. दात दुखतो म्हटलं की घरातलंच कोणी ‘लाव थोडी’ म्हणतं. विदर्भात खर्रा घोटून आणायला मूल जातं: सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घालून फळीवर घासताना ते समोर उभं राहून पाहतं, आणि रबर लावलेली ती पुडी खिशात घालून घरी आणताना तिची ऊब त्याच्या मांडीला लागते. पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात यालाच मावा म्हणतात. नाव बदलतं, रस्ता तोच. या मुलांच्या बाबतीत ‘व्यसनाकडे वळणं’ हा शब्दप्रयोगच चुकीचा वाटतो. ती कुठे वळलेलीच नसतात. सरळ चालत आलेली असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मुलांना जे नको म्हणाल तेच ती करतात, तेव्हा बंधनं घालून उलट आकर्षण वाढेल. हा आक्षेप इतका रुळलेला आहे की तो कोणी तपासून पाहत नाही. तपासायला आपल्या घरचंच उदाहरण पुरेसं आहे. मराठी घरात सिगारेट-विडी वडीलधाऱ्यांसमोर ओढत नाहीत. चाळिशीचा माणूससुद्धा बाप समोर आला की ती लपवतो. तंबाखू मळण्याला मात्र असा कुठलाच संकोच नाही. ती सासऱ्याच्या हातून जावयाकडे जाते, पारावर अनोळखी माणसाला देऊन ओळख करून घेतली जाते. म्हणजे एक गोष्ट सामाजिकदृष्ट्या निषिद्ध आणि दुसरी खुली. निषेधानं आकर्षण वाढत असतं तर महाराष्ट्रात धूम्रपान भरमसाट आणि तंबाखू खाणं कमी असायला हवं होतं. 2016-17 च्या प्रौढांच्या राष्ट्रीय पाहणीत झालं ते नेमकं उलट. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे 3.8 टक्के आणि बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4 टक्के, सहापटीहूनही अधिक. ज्याला घरानं अडवलं ते आटोक्यात राहिलं. ज्याला घरानं जवळ बसवलं ते पसरलं.

दुसरा आक्षेप असा की कायदे आहेतच, मग आणखी काय हवं? कायदे आहेत हे खरं. ते नीट वाचले तर त्यांची ताकदही दिसते आणि दुबळेपणाही. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार 18 वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत, कोणालाच विकता येत नाहीत. नियमांनुसार दुकानात 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटरची पाटी लावावी लागते. गिऱ्हाईक अज्ञान नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्यावर टाकलेली आहे. 2011 च्या दुरुस्तीनं 18 वर्षांखालच्या मुलाला असा माल हाताळायला, विकायला बसवणंही बंद केलं. ‘वडिलांसाठी नेतोय’ ही सबब या कायद्यात कुठेच बसत नाही. मूल कोणासाठीही नेत असो, त्याच्या हातात पुडी ठेवणं हा गुन्हाच आहे. इथवर कायदा चोख आहे. पण हे सगळं मोडलं तर दंड किती? जास्तीत जास्त 200 रुपये. टपरीचा तासाभराचा गल्ला.

याच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला 2015 चा बाल न्याय कायदा आहे. त्याच्या 77 व्या कलमाप्रमाणे मुलाला दारू, अमली द्रव्य किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 78 वं कलम मुलाला दारूच्या किंवा अमली द्रव्याच्या विक्रीसाठी, ने-आणीसाठी वापरणाऱ्याला तीच शिक्षा सांगतं. एका बाजूला 200 रुपये आणि दुसऱ्या बाजूला सात वर्षं. मधलं काहीच नाही. 200 रुपयांना कोणी भीत नाही, आणि एका पुडीसाठी शेजारच्या टपरीवाल्याला सात वर्षं आत पाठवायला कुठलाही फौजदार, कुठलाही मुख्याध्यापक धजत नाही. मला वाटतं, कायद्याचं हे दोन टोकांत विभागलं जाणं हेच त्याच्या निष्क्रियतेचं मोठं कारण आहे. मधली पायरी हवी आणि ती परवान्याची आहे. 2017 च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून सुचवलं होतं की तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्थानिक संस्थांनी परवाना द्यावा आणि अशा दुकानांत गोळ्या, बिस्किटं, चिप्स, थंड पेयं असा मुलांना ओढणारा माल ठेवू देऊ नये. इतकी साधी, इतकी शहाणी सूचना क्वचित सरकारी पत्रात सापडते. आपण मघाशी पाहिलेली ती टपरी आठवा: वर पुड्यांच्या माळा, खाली गोळ्यांच्या बरण्या. त्या बरण्या तिथून हलल्या की मुलाला त्या फळीपाशी उभं राहायचं कारणच उरत नाही. आणि परवाना असला की तो महिनाभर निलंबित करता येतो. गल्ला महिनाभर बंद राहण्याची भीती 200 रुपयांच्या दंडाहून कितीतरी मोठी असते.

सुट्या विक्रीचंही असंच आहे. शाळकरी मुलाकडे पूर्ण पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटचे असतात. एका सिगारेटला पाकीट नसतं, म्हणून पाकिटाच्या 85 टक्के भागावर छापलेलं ते भयंकर चित्रही त्याला दिसत नाही. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी केली ती याच विचारानं. आज कुठल्याही बसस्थानकाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तर त्या बंदीचं काय झालं ते कळतं. टपरीच्या खांबाला दोऱ्यानं लायटर बांधलेला असतो. तो एकेक सुटी ओढणाऱ्यांसाठीच असतो, पाकीट नेणाऱ्याला त्याची गरज नसते.

‘बंदीनं काही होत नाही, गुटख्याचं काय झालं पाहा,’ हा तिसरा आक्षेप आता येणारच, आणि तो वजनदार आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे, ती दरवर्षी नव्यानं जाहीर होते, ट्रक पकडले जातात, गोदामांवर धाडी पडतात आणि तरी माल मिळतो. कंपन्यांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घालून पळवाट काढली. हे सगळं मान्य करून मी म्हणेन की या अनुभवातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. सरसकट बंदीमध्ये मागणी करणारा प्रौढ तसाच राहतो, म्हणून पुरवठ्याची साखळी जिवंत राहते, आणि प्रौढासाठी चालू राहिलेल्या त्या फळीवर मूलही उभं राहतं. वयाची अट ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात दुकानदाराचं मोठं गिऱ्हाईक जात नाही. त्याला फक्त काही चेहऱ्यांना नाही म्हणायचं असतं. शिवाय आपली गुटखाबंदीची सगळी शक्ती ट्रकवर आणि गोदामावर खर्च झाली. टपरीच्या फळीवर कोण उभं आहे हे कोणी पाहिलं नाही.

ते पाहिलं तर काय होतं, याचे दाखले आहेत, आणि ते दोन्ही बाजूंचे आहेत म्हणून ते दोन्ही सांगायला हवेत. अमेरिकेत इलिनॉय राज्यात वुड्रिज नावाचं एक गाव आहे. तिथे 1989 साली तंबाखू विक्रीसाठी परवाना सक्तीचा केला आणि पोलीस वेळोवेळी अल्पवयीन मुलांना गिऱ्हाईक म्हणून दुकानांत पाठवून खात्री करू लागले. आधी सुमारे 70 टक्के दुकानं मुलांना सिगारेट विकत होती. दोन वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं, आणि सातवी-आठवीच्या मुलांमध्ये सिगारेट ओढून पाहण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. याउलट 1997 साली मॅसॅच्युसेट्समधल्या काही गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही तपासण्या केल्या, 82 टक्के दुकानदार कायदा पाळू लागले, पण मुलांना सिगारेट मिळणं फारसं कमी झालं नाही. आक्षेप घेणारे हा दुसरा अभ्यास दाखवतात. मला तर तो पहिल्या अभ्यासाची दुसरी बाजूच वाटतो. पाच दुकानांतलं एक जरी विकत राहिलं तरी गावातल्या सगळ्या मुलांना ते एक दुकान ठाऊक होतं. धरणाची भिंत चार पंचमांश बांधून पाणी अडत नाही. पुढे त्याच राज्यातल्या नीडम गावानं 2005 साली तंबाखू घेण्याचं वय 21 केलं आणि ते नेटानं पाळलं. 2006 ते 2010 या काळात तिथल्या शाळकरी मुलांतलं धूम्रपान जवळजवळ निम्म्यावर आलं, आजूबाजूच्या गावांत ते तितकं घटलं नाही. आपल्याकडे ‘कायदा करून पाहिला, उपयोग झाला नाही’ असं म्हणताना आपण भिंत किती बांधली होती, हे आधी विचारावं.

दारूच्या बाबतीत हाच न्याय लागू होतो, फक्त दुकान बदलतं. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी 21, बाकीच्या मद्यासाठी 25 वर्षं पूर्ण असावी लागतात आणि 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. काही रुपयांत एका दिवसाचा परवाना मिळतो. प्रत्यक्षात तो मागून घेणारं गिऱ्हाईक विरळा आणि दाखवा म्हणणारा विक्रेता त्याहून विरळा. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांच्या मुलानं चालवल्याचा आरोप असलेल्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याआधी त्या मुलाला हॉटेलांत मद्य देण्यात आलं होतं, असं पोलिसांचं म्हणणं आहे. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण ज्या राज्यात मद्याला 25 वर्षांची अट आहे तिथे बारावी झालेली मुलं टेबलाशी बसू शकतात, ही गोष्ट त्या एका रात्रीची नाही. झोपडपट्टीतल्या मुलाची टपरी आणि सुखवस्तू मुलाचं पब यांत पैशांचा फरक आहे. दोन्हीकडे फळीपलीकडचा माणूस तेच करतो: समोरचा चेहरा कोवळा आहे हे त्याला दिसतं आणि तो गप्प राहतो.

याच ठिकाणी अनेक सुशिक्षित आईवडील एक युक्तिवाद करतात. बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर घरी घोटभर घेतलेली बरी, म्हणजे त्याला मर्यादा कळेल. हा विचार प्रेमातून येतो यात मला शंका नाही. पण तो पडताळून पाहिलेला आहे. ऑस्ट्रेलियात 1,900 हून अधिक मुलांचा सहा वर्षं पाठपुरावा करून केलेला अभ्यास 2018 साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी दारू दिल्यानं मुलांचं कुठल्याही बाबतीत संरक्षण झाल्याचं त्यात आढळलं नाही. उलट ज्यांना घरी मिळत होती ती मुलं बाहेरूनही मिळवण्याची शक्यता अधिक होती. घरचा पेला बाहेरच्या पेल्याच्या जागी येत नाही, त्यात त्याची भर पडते. आपल्या ‘पुडी घेऊन ये’चीच ही शहरी आवृत्ती आहे.

आदिवासी भागातल्या मोहाच्या दारूचा मुद्दा वेगळा आहे आणि तो शहरात बसून निकालात काढू नये. तिथे ती सणाशी, देवाशी, पाहुणचाराशी बांधलेली आहे. पण तिथेही निर्णयाचा अधिकार कोणाचा हे कायद्यानं सांगितलं आहे: अशा भागांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचं नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे दिला. गडचिरोलीत जिल्हाभर चाललेल्या लोकचळवळीनंतर 1993 साली दारूबंदी झाली, आणि 2016 पासून तिथे डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमाच्या रूपानं दारूबरोबर तंबाखू आणि खर्राही त्याच चौकटीत आणला. गावानं बसून ‘आपल्या गावात हे विकायचं नाही’ असं ठरवायचं, या पद्धतीत मला रस आहे तो एवढ्यासाठी की तिथे बोट पिणाऱ्याकडे दाखवण्याआधी विकण्याच्या जागेकडे दाखवलं जातं. ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी 1880 साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पिणाऱ्याला उपदेश करणारे तेव्हाही पुष्कळ होते. फुल्यांनी दुकानाला परवानगी देणाऱ्यांना जाब विचारला.

आता अमली द्रव्यांकडे येतो. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून मेफेड्रोनचा, ज्याला पोरं ‘एमडी’ म्हणतात त्याचा, प्रचंड साठा सापडला आणि दिल्ली-सांगलीपर्यंतच्या धाडींत मिळून त्याची किंमत हजारो कोटींत गेली. त्याआधी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखानाच मिळाला होता. 2015 पर्यंत हे द्रव्य अमली पदार्थांच्या कायद्यात नव्हतंच. कारखाने आणि टोळ्या हे पोलिसांचं काम आहे आणि ते त्यांनी करायलाच हवं. पण कारखान्यातून निघालेली पुडी सोळा वर्षांच्या मुलापर्यंत कोण पोहोचवतं? कुणी अनोळखी दादा क्वचितच. शेवटचा हात दोन वर्षांनी मोठ्या मित्राचा असतो, चुलतभावाचा असतो, ज्याच्यावर त्या मुलाचा विश्वास आहे त्याचा असतो, आणि त्यालाही पहिल्यांदा कोणीतरी फुकटच दिलेली असते. त्याहून सोपा रस्ता औषधाच्या दुकानाचा. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, छत्रपती संभाजीनगरला ‘बटन’ म्हणतात, या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या आहेत. कोडीनचं खोकल्याचं औषधही याच यादीतलं. 1 मार्च 2014 पासून ही औषधं ‘एच-1’ यादीत आहेत. त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवायची, तिच्यात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. ही वही म्हणजे या सगळ्या प्रश्नातलं सर्वांत स्वस्त हत्यार आहे. औषधं आलेल्या बिलाशी ती वही ताडून पाहायला एका निरीक्षकाला एक दुपार लागते.

टपरीवाला गरीब आहे, त्याच्या पोटावर पाय का आणता, असा आक्षेप मनापासून घेणारे लोक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. टपरी हे ज्याला दुसरं काही मिळालं नाही त्याचं साधन आहे. पण एखाद्याचं पोट तेरा वर्षांच्या मुलाच्या दहा रुपयांवर चालत असेल तर त्याला दुसरा धंदा मिळवून देणं ही आपली जबाबदारी आहे. त्या मुलाला त्याचं गिऱ्हाईक म्हणून सोडून देणं हे त्याचं उत्तर नाही. आणि परवान्यानं टपरीवाल्याचं नुकसान होतंच असंही नाही. आज तो कायद्याच्या कडेवर उभा आहे, म्हणून कोणीही येऊन त्याला दटावतो आणि हात पसरतो. ज्याच्याकडे कागद आहे त्याला उभं राहायला जागा असते.

पुरवठा अडवला की सगळं झालं, असा माझा दावा नाही. आइसलँडमध्ये 1998 साली 15-16 वर्षांच्या 42 टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारूची नशा केल्याचं सांगितलं होतं. 2016 साली ते प्रमाण पाच टक्क्यांवर आलं. तिथे विक्रीचं वय कडक पाळलं गेलं, रात्री मुलांनी किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं ते ठरवलं गेलं, पालकांनी एकत्र येऊन मुलांना दारू न देण्याचे लेखी करार केले, आणि सोबत खेळ, संगीत, नाच यांवर सरकारनं पैसा ओतला. मुलांसाठी संध्याकाळी जायला जागा हवी, हे आपल्या वस्तीतल्या बंद पडलेल्या व्यायामशाळांकडे पाहूनही समजतं. पण त्या सगळ्या गोष्टी दमानं होतील, त्यांना पैसा लागेल, वर्षं लागतील. फळीवरची गोष्ट उद्या सकाळी होऊ शकते. शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी फाटकापासून 91 मीटर मोजावेत आणि त्या आत काय विकलं जातं ते लिहून नगरपालिकेकडे द्यावं. नगरपालिकांनी 2017 चं ते पत्र शोधून काढावं आणि परवान्याचा ठराव करावा. औषध निरीक्षकांनी ‘एच-1’च्या वह्या मागाव्यात. आणि ज्या घरांत आज संध्याकाळी कोणाला तंबाखूची तलफ येईल, त्या घरातल्या त्या माणसानं स्वतः चप्पल घालून कोपऱ्यावर जावं. गेला नाही आणि पोराला पाठवलं, तर टपरीवाल्यानं फळीवर आलेलं ते नाणं परत सरकवावं आणि म्हणावं, ‘बाळा, वडिलांना पाठव.’